मान पिरगळली, पाय गेला: कोंबड्यांमधील मज्जासंस्थेचे आजार ओळखताना आणि सांभाळताना

परसात मोजक्या कोंबड्या पाळणाऱ्या आपल्यासारख्यांच्या मनात कोंबडीचा पाय लटपटू लागला किंवा मान वाकडी झाली की दोन गोष्टी जवळजवळ आपोआप घडतात. पहिली म्हणजे पाण्यात जीवनसत्त्वांचे औषध मिसळले जाते आणि दुसरी म्हणजे आजाराला ताबडतोब एखादे नाव मिळते, बहुधा मानमोडी किंवा मॅरेक्स. मला या दोन्ही गोष्टींबद्दल थोडी हरकत आहे. पिरगळलेली मान हा आजार नसून ताप किंवा खोकला असतो तसे ते एक लक्षण आहे, आणि तेच लक्षण विषाणूमुळे, विषबाधेमुळे, एखाद्या जीवनसत्त्वाच्या अभावामुळे, कानातल्या संसर्गामुळे किंवा डोक्याला बसलेल्या टोचीमुळेही दिसू शकते. यांपैकी काही कारणांवर वेळेत उपचार केल्यास कोंबडी काही तासांत सुधारते, काहींवर कोणताही उपचार नाही, आणि काहींमध्ये उपचारापेक्षा सरकारी पशुवैद्यकीय विभागाला कळवणे हे पहिले कर्तव्य ठरते. त्यामुळे औषधाच्या बाटलीकडे हात जाण्याआधी कोंबडीकडे नीट पाहण्यात घालवलेला वेळ वाया जात नाही, असे माझे मत आहे.

पाहण्याआधी मात्र तिला वेगळे करावे. मज्जासंस्थेची लक्षणे दाखवणाऱ्या आजारांत राणीखेत म्हणजे मानमोडी आणि बर्ड फ्लू हे दोन अतिशय संसर्गजन्य आजार आहेत. एकाच वेळी अनेक कोंबड्या मलूल झाल्या असतील, अचानक मरतूक सुरू झाली असेल, तोंड उघडून श्वास घेणे, हिरवट पातळ विष्ठा, सुजलेले डोके किंवा निळसर पडलेला तुरा यांपैकी काही लक्षणे मान पिरगळण्याच्या जोडीला दिसत असतील, तर घरगुती उपचारांचा विचार बाजूला ठेवावा. अशा वेळी पक्षी हलवू नयेत, विकू नयेत, कापू नयेत आणि मेलेला पक्षी घरी फाडून पाहू नये. राणीखेतच्या विषाणूमुळे माणसाच्या डोळ्यांना तात्पुरती जळजळ आणि लाली येऊ शकते, तर बर्ड फ्लूचे काही प्रकार माणसासाठी जिवावर बेतणारे असतात. म्हणूनच हातमोजे आणि मुखपट्टी वापरण्यात अतिरेक काही नाही. एकच कोंबडी आजारी असेल आणि बाकीच्या खात-पीत, अंडी देत असतील, तर चित्र वेगळे असण्याची शक्यता बरीच वाढते. तरीही विलगीकरण चुकवू नये, कारण कळपातल्या सख्यासोबती दुबळ्या कोंबडीला टोचून टोचून जखमी करतात.

निरीक्षणाची सुरुवात लांबूनच करावी, कारण हातात घेतलेली कोंबडी घाबरून आपली लक्षणे लपवते. ती उभी राहताना पाय रुंद ठेवते का, चालताना एकाच बाजूला झुकते का, की सरळ चालते पण लवकर दमून बसते, हे पाहावे. शक्ती कमी होणे आणि तोल जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि परसातल्या निदानात सर्वांत जास्त गल्लत इथेच होते. अशक्त कोंबडी हळू पण नीट पाऊल टाकते. तोल गेलेली कोंबडी जोरात पण चुकीच्या जागी पाऊल टाकते, दाणा टिपायला जाते आणि चोच दाण्याच्या शेजारी मातीत आपटते. डोके स्थिर असताना बारीक थरथरते का, की दाणा टिपण्याचा प्रयत्न केल्यावरच थरथर वाढते, हेही टिपून ठेवावे, कारण दुसऱ्या प्रकारची थरथर बहुधा लहान मेंदूकडे बोट दाखवते.

त्यानंतर कोंबडीला हातात घ्यावे. निरोगी कोंबडीचे शरीर दोन्ही हातांत धरून हळूहळू डावी-उजवीकडे हलवले, तरी तिचे डोके हवेत जणू खिळलेले राहते; ही स्थिरता एका बाजूला हरवली असेल, तर अंतर्कर्ण किंवा त्याच्याशी जोडलेल्या मेंदूच्या भागात बिघाड असण्याची शक्यता असते. मग तिला आधार देऊन उभे करावे आणि एका पायाची बोटे अशी दुमडावीत, की पंजाची वरची बाजू जमिनीला टेकेल. निरोगी कोंबडी क्षणात पाय सरळ करते. ज्या पायाची जाणीव मेंदूपर्यंत पोचत नाही, तो पाय तसाच राहतो. बोटाला हलका चिमटा काढल्यावर पाय मागे घेतला जातो का, बोट पुढे केल्यावर पंजा ते पकडतो का, दोन्ही पंजांची पकड सारखी आहे का, पापण्या पूर्ण मिटतात का, हे पाहायला पाच मिनिटेही लागत नाहीत. डोळ्यावर उजेड टाकून बाहुली लहान होते का ही परीक्षा मात्र पक्ष्यांमध्ये फारशी विश्वासार्ह नाही, कारण त्यांच्या बुबुळातले स्नायू ऐच्छिक असतात आणि घाबरलेली कोंबडी उजेड असतानाही बाहुली मोठी-लहान करू शकते. हे सगळे मोबाइलवर चित्रित करून ठेवले, तर पशुवैद्यकांना दूरध्वनीवर केलेल्या वर्णनापेक्षा त्याचा उपयोग कितीतरी जास्त होतो.

इतके झाल्यावरही हा आजार खरोखर मज्जासंस्थेचा आहे का, हा प्रश्न शिल्लक राहतोच. अंड्यावरची कोंबडी सकाळी खुराड्यात पाय गळून बसलेली आढळली, तर सर्वप्रथम कॅल्शियमचा विचार करावा. अंड्याच्या एका कवचासाठी सुमारे 2 ग्रॅम कॅल्शियम लागते, ते कवच तयार होण्यास जवळजवळ 20 तास लागतात आणि त्यातला मोठा काळ रात्रीचा, म्हणजे पोटात नवे खाद्य येत नसतानाचा असतो. ज्या कोंबड्यांना वाढीचे खाद्य किंवा नुसते धान्य मिळते, त्यांच्या हाडांतले कॅल्शियम अशा रीतीने संपत जाते आणि एक दिवस पायच साथ सोडतात. त्याआधी काही दिवस पातळ किंवा मऊ कवचाची अंडी दिसलेली असतात. अडकलेल्या अंड्याचा श्रोणीतल्या मज्जातंतूंवर दाब पडूनही कोंबडी चालेनाशी होते. आणखी एक कारण सहसा कोणाच्या लक्षात येत नाही: पायाकडे जाणारे मज्जातंतू कोंबडीच्या मूत्रपिंडातून आरपार जातात. मूत्रपिंडाला सूज आली किंवा तिथे गाठ वाढली, तर वयस्क कोंबडी एका पायाने लंगडू लागते, पायात मात्र शोधूनही काही सापडत नाही. तळपायाचा पिकलेला फोड, जंतांमुळे आलेला फिकटपणा आणि उष्माघात हेदेखील याच यादीत तपासून बाजूला काढण्याचे विषय आहेत.

वाढत्या वयातल्या तलंगेचा एक पाय पुढे आणि एक मागे ताणला गेला असेल, तर मात्र मॅरेक्सचे नाव सगळ्यात वर घ्यावे लागते. हंगेरीतील पशुवैद्यक योझेफ मारेक यांनी 1907 साली कोंबड्यांमधल्या या पक्षाघाताचे वर्णन केले आणि त्यांचेच नाव आजाराला मिळाले. तो नागीणवर्गीय विषाणूमुळे होतो. साधारण दीड-दोन महिन्यांपासून सहा-सात महिन्यांपर्यंतच्या पक्ष्यांत तो जास्त दिसतो, जरी त्यानंतरही तो होऊ शकतो. पंख एका बाजूने लोंबणे, वजन झपाट्याने घटून छातीचे हाड हाताला लागणे, डोळ्याचा रंग राखाडी पडणे आणि बाहुलीची कड वेडीवाकडी होणे ही त्याची इतर चिन्हे आहेत. मानेतल्या व्हेगस मज्जातंतूवर परिणाम झाला, तर गळ्याखालची अन्नपिशवी रिकामीच होत नाही आणि कोंबडी धापा टाकते. विषाणू पिसांच्या मुळाशी तयार होतो आणि पिसांच्या कोंड्यातून बाहेर पडून खुराड्याच्या धुळीत अनेक महिने टिकतो. तो अंड्यातून पिल्लात उतरत नाही आणि माणसाला होत नाही, ही त्यातल्या त्यात दिलासा देणारी गोष्ट. रूढ मॅरेक्सवर उपचार नाही, हे स्पष्टपणे लिहिले पाहिजे, कारण औषधे आणि काढे यांच्या शिफारशी सर्वत्र भरपूर आढळतात.

त्या शिफारशींना यश का मिळते, याचेही उत्तर आहे. मॅरेक्सच्याच विषाणूमुळे काही तरुण पक्ष्यांत मान आणि पाय एकाएकी लुळे पडतात आणि एक-दोन दिवसांत कोणत्याही उपचाराविना पूर्ववत होतात. डोक्याला बसलेल्या सौम्य माराची आणि हलक्या विषबाधेची गोष्टही तशीच. त्या काळात जे काही पाजले गेले असेल, त्याला श्रेय मिळते आणि ते पुढच्या दहा जणांना सांगितले जाते. जीवनसत्त्वे देण्याला माझा विरोध नाही, विशेषतः ब गटातली जीवनसत्त्वे पाण्यात विरघळणारी आणि योग्य मात्रेत निर्धोक असल्यामुळे ती सुरू करण्यात नुकसान नाही. मात्र त्यांच्या नादात निदान थांबू नये.

मानमोडीमध्ये मज्जासंस्थेची लक्षणे बहुधा श्वसनाच्या आणि पोटाच्या तक्रारींनंतर येतात. जगलेल्या पक्ष्यांची मान कायमची वाकडी राहू शकते, थरथर किंवा पायाचा पांगळेपणा मागे उरू शकतो. लसीकरण झालेल्या कळपात हाच आजार नुसती अंडी घटण्यापुरता दिसू शकतो, त्यामुळे लस दिली होती एवढ्यावरून तो निकालात काढता येत नाही. विषाणूवर औषध नाही. लसीकरण वेळापत्रकाप्रमाणे पुन्हा पुन्हा करणे हाच मार्ग आहे.

लहान पिल्लांच्या बाबतीत वय हेच निम्मे निदान असते. पहिल्या तीन आठवड्यांतल्या पिल्लांची डोकी आणि माना बारीक थरथरत असतील, ती पायाच्या मधल्या सांध्यावर बसत असतील आणि नंतर कुशीवर पडत असतील, तर एव्हियन एन्सेफॅलोमायलायटिस हा विषाणूजन्य आजार संभवतो. तो आईकडून अंड्यावाटे येतो आणि आईमध्ये त्याचे दृश्य चिन्ह इतकेच असते, की थोडे दिवस अंडी कमी होतात. दोन ते चार आठवड्यांच्या पिल्लांनी डोके मागे किंवा खाली खेचणे, पाय ताणून एका कुशीवर पडणे, गोल फिरणे असे प्रकार केले, तर ई जीवनसत्त्वाच्या अभावाने लहान मेंदूला इजा झाल्याची शंका घ्यावी. जुने, खवट वास येणारे खाद्य हे त्याचे नेहमीचे कारण आहे, कारण खवट तेल ई जीवनसत्त्व नष्ट करते. तोंडावाटे ई जीवनसत्त्व दिल्यावर सुधारणा होईल का, हे मेंदूची इजा किती झाली आहे यावर ठरते. त्याच्या जोडीला सेलेनियम देताना मात्र हात आवरावा, कारण त्याची उपयुक्त मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर फार कमी आहे. बोटे आतल्या बाजूला मुठीसारखी वळली असतील, तर तो ब२ म्हणजे रायबोफ्लेविनचा अभाव असू शकतो. सुरुवातीच्या दिवसांत ते दिल्यास पिल्लू सुधारते, उशीर झाल्यास मज्जातंतूंची इजा कायम राहते.

ब१ म्हणजे थायमिन याची कहाणी कोंबड्यांच्या इतिहासात वेगळी उठून दिसते. जावा बेटावर काम करणारे डच वैद्यक क्रिस्तियान आइकमान यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पाहिले, की कोंडा काढलेला, पांढरा तांदूळ खाणाऱ्या कोंबड्यांना पक्षाघात होतो आणि कोंड्यासह तांदूळ दिल्यावर त्या बऱ्या होतात. जीवनसत्त्वांच्या शोधाची वाट तिथून निघाली आणि 1929 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. थायमिन नसलेला आहार सुमारे तीन आठवडे मिळाल्यावर मोठ्या कोंबडीत लक्षणे दिसतात: भूक जाते, पाय लुळे पडतात आणि डोके इतके मागे जाते, की ती बसल्या जागी आकाशाकडे पाहते. थायमिन दिल्यावर सुधारणा काही तासांत दिसू लागते, म्हणून इथे उपचार हेच निदान ठरते. तोंडावाटे खाणे बंद असेल, तर ते इंजेक्शनने देण्याविषयी पशुवैद्यकांना विचारावे. संतुलित खाद्य खाणाऱ्या कोंबडीतही हा अभाव एका मार्गाने निर्माण होऊ शकतो. रक्ती हगवणीवर दिले जाणारे अँप्रोलियम हे औषध रचनेने थायमिनसारखे असते आणि परजीवीची थायमिन मिळवण्याची वाट अडवूनच ते काम करते. मात्रा जास्त झाली किंवा औषध फार दिवस चालू राहिले, तर कोंबडीचीही तीच वाट अडते. म्हणून मान मागे गेलेल्या कोंबडीच्या मालकाला मी आधी विचारतो, की अलीकडे पाण्यात कोणते औषध घातले होते.

विषबाधेत लक्षणांचा क्रम महत्त्वाचा असतो. बोट्युलिझममध्ये, म्हणजे कुजक्या पदार्थांत वाढणाऱ्या एका जीवाणूच्या विषाने होणाऱ्या बाधेत, लुळेपणा पायांपासून सुरू होऊन पंख, मान आणि पापण्यांपर्यंत चढतो. मान पिरगळत नाही, ती ओल्या दोरीसारखी जमिनीवर पडते, आणि पिसे ओढल्यावर सहज हातात येतात. कोंबडी शुद्धीवर असते, हे विसरू नये. कुजलेले मेलेले उंदीर-पक्षी, त्यांच्यावरच्या अळ्या किंवा सडलेला पाला हा विषाचा उगम असतो. अळ्यांना स्वतःला ते विष बाधत नाही, पण त्यांच्या शरीरात ते साठते आणि थोड्या अळ्यांनीही कोंबडी आडवी होते. तो उगम शोधून काढून टाकणे, पाणी देत राहणे आणि श्वास चालू राहील अशा रीतीने कोंबडीला छातीवर बसवून ठेवणे हाच मुख्य उपचार. जे पक्षी 48 तास तग धरतात, त्यांच्या जगण्याची आशा चांगली असते. जुन्या रंगाचे पोपडे, बॅटरीचे तुकडे किंवा मासेमारीची वजने टिपल्याने होणारी शिशाची विषबाधा याउलट हळूहळू येते: वजन घटते, विष्ठा हिरवी होते, पाय अशक्त होतात. क्ष-किरण चित्रात धातूचे तुकडे दिसू शकतात, रक्तातले शिसे मोजता येते आणि ते बांधून बाहेर काढणारी औषधे पशुवैद्यक देऊ शकतात. अशा कोंबडीची अंडी खाऊ नयेत, कारण शिसे बलकात उतरते. कीटकनाशकाने बाधा झालेली कोंबडी मात्र लाळ गाळत, थरथरत, धापा टाकत काही तासांत गंभीर होते आणि तिथे थांबून पाहण्याला जागाच नसते.

शेंडीवाल्या जातींचा वेगळा उल्लेख करायला हवा. पोलिश आणि काही सिल्की कोंबड्यांच्या डोक्यावर शेंडीखाली कवटीचा उंचवटा असतो आणि त्या हाडात छिद्रे राहिलेली असू शकतात, त्यामुळे दुसऱ्या कोंबडीची एक जोरदार टोचही मेंदूपर्यंत पोचते. अशा पक्ष्याची मान एकाएकी पिरगळली, तर पिसे बाजूला करून जखम शोधावी. त्याच वेळी दोन्ही कानांवरची पिसे उचलून आत पिवळसर साका, सूज किंवा दुर्गंध आहे का, हेही पाहावे. एकाच बाजूला कललेल्या डोक्यामागे कानाचा जीवाणुजन्य संसर्ग निघाला, तर ती योग्य प्रतिजैविकाने सुधारण्याजोगी गोष्ट आहे. विषाणूजन्य आजारात प्रतिजैविकाचा काही उपयोग नसतो. सूज कमी व्हावी म्हणून स्टेरॉइड द्यावे असे वाटू शकते, पण ते प्रतिकारशक्ती दाबते आणि मॅरेक्ससारख्या संसर्गात परिस्थिती बिघडवू शकते, त्यामुळे तो निर्णय स्वतः घेऊ नये. कोणतेही औषध सुरू करताना किती दिवस अंडी खायची नाहीत, हे विचारून घ्यावे.

कारण काहीही असो, कोंबडी जगते ती बहुतेक वेळा शुश्रूषेवर. तिला कमी उजेडाच्या, उबदार, शांत जागी ठेवावे. गुंडाळलेल्या कापडाचे कडे करून त्यात ती छातीवर बसेल असे पाहावे, कारण कुशीवर पडून राहिलेल्या पक्ष्याचा श्वास जड होतो. दर काही तासांनी तिची बाजू बदलावी, छातीच्या हाडावर आणि पायाच्या सांध्यांवर फोड येत नाहीत ना ते बघावे, शेपटीखालची जागा स्वच्छ ठेवावी, नाहीतर माश्या अंडी घालतात. पाण्याचे भांडे उथळ असावे. मान खाली लोंबणारी कोंबडी खोल भांड्यात बुडून मरू शकते. पाजायचे झाल्यास चोचीच्या कडेला एकेक थेंब सोडावा आणि तिने गिळेपर्यंत थांबावे. श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या अगदी मागे असते, त्यामुळे सिरिंजने घशात पाणी ढकलणे हा मरण ओढवण्याचा सोपा मार्ग आहे. नळीने थेट अन्नपिशवीत भरवण्याची पद्धत उपयुक्त आहे, पण ती कोणाकडून तरी प्रत्यक्ष शिकल्याखेरीज करू नये. मान पिरगळलेल्या अनेक कोंबड्या आपण हाताने डोके सरळ धरले, तर स्वतः दाणे टिपतात, आणि त्यांचा जीव बहुधा याच धीराच्या कामाने वाचतो. ज्यांची पकड आणि जाणीव शिल्लक आहे, त्यांना कापडाच्या झोळीत पाय जमिनीला जेमतेम टेकतील असे थोडा-थोडा वेळ लटकवल्यास स्नायू वापरात राहतात. रोज सकाळी तिचे वजन करावे, कारण ‘आज बरी दिसते’ हे आपले मत आशेने रंगलेले असते, वजनकाट्याचे नसते.

मान पिरगळण्याचे झटके सुधारणा होत असतानाही, विशेषतः कोंबडी घाबरल्यावर, परत येतात. त्यामुळे एका वाईट दिवसावरून आशा सोडू नये. परंतु खाणे-पिणे पूर्ण थांबले असेल, श्वास जड असेल, लुळेपणा एका पायावरून दुसऱ्या पायावर आणि पंखावर सरकत असेल आणि वजन घटतच असेल, तर पशुवैद्यकांकडून वेदनारहित मरण देणे हे मला लांबवलेल्या उपासमारीपेक्षा योग्य वाटते. मेलेला पक्षी पुरण्याआधी शवविच्छेदनाचा विचार जरूर करावा. बर्ड फ्लूची शंका नसेल, तर तो पिशवीत बंद करून थंड ठेवून लवकरात लवकर प्रयोगशाळेत पोचवावा. गोठवू नये, कारण बर्फाचे कण ऊती फाडतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली मज्जातंतू वाचता येत नाहीत. मांडीतल्या दोन सायटिक मज्जातंतूंपैकी एक जाड, पिवळसर आणि नेहमीची आडवी रेघ हरवलेला आढळला, तर मॅरेक्सचा संशय बळावतो.

मॅरेक्स निघाल्यास उरलेल्या कोंबड्यांना संसर्ग झालेलाच आहे असे धरून चालावे. त्या वयात लस देऊन उपयोग नाही. लस पिल्लू अंड्यात असताना किंवा पहिल्या दिवशी द्यावी लागते. ती गाठी आणि पक्षाघात टाळते, संसर्ग टाळत नाही, म्हणून लसीचे पक्षी निरोगी दिसूनही विषाणू पसरवू शकतात. नवी पिल्ले आणायची झाली, तर ती लसीचीच आणावीत, खुराड्यातली जुनी गादी आणि धूळ पूर्ण काढावी, आणि लसीची प्रतिकारशक्ती उभी राहीपर्यंत ती मोठ्या कोंबड्यांपासून लांब, वेगळ्या हवेत आणि वेगळ्या पादत्राणांनी सांभाळावीत.